सव्वानऊचं निम्मं

लखनौच्या थंडीबद्दल महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला गेलं की तो "हो का, असेल असेल" म्हणतो आणि विषय बदलतो. त्याला वाटतं, थंडी म्हणजे एक स्वेटर जास्त. आमच्या विकास नगरच्या भाड्याच्या घरात जानेवारीत फरशीवर पाय टेकवताना जीव मुठीत धरावा लागायचा. धुकं असं की समोरच्या श्रीवास्तवांचा दरवाजा दिसायचा नाही. दूधवाला भैया दिसायच्या आधी त्याच्या कॅनचा खडखडाट ऐकू यायचा आणि आई त्या आवाजाच्या दिशेने पातेलं पुढे धरायची. सूर्य कित्येक दिवस उगवल्याचं नुसतं कानावर यायचं. आणि मग एखाद्या रविवारी ऊन पडलं, की अख्खा मोहल्ला छतावर. गाद्या, उशा, लोकरीचे गोळे, हरभऱ्याचा पाला, म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या, सगळं वर. कोणी कोणाला बोलवायचं नाही, पण संध्याकाळपर्यंत खाली घरात चिटपाखरू नसायचं.

आम्ही जळगावकडचे. अण्णा बँकेत होते आणि बदली म्हटली की निमूट सामान बांधायचे. वरच्या साहेबाला उलट उत्तर द्यायचं म्हणजे काय असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. साहेब म्हणाले की म्हणाले. आईचं तसं नव्हतं, पण तिची भांडणं भाजीवाल्यांशी. इथली वांगी जांभळी, गुळगुळीत, दिसायला राजबिंडी आणि आत नुसतं पाणी, असा तिचा कायमचा वाद होता. "भैया, ये बैंगन भरीत का नहीं है," असं ती ठणकावून सांगायची आणि तो बिचारा "बहनजी, बैंगन तो बैंगन है" म्हणत हात जोडायचा. तरी भरीत व्हायचंच. छतावर अंगीठी पेटवून आई वांगी भाजायची, मिरच्या आणि लसूण ठेचायची, आणि त्या वासाने श्रीवास्तव आंटी कठड्यापलीकडून विचारायच्या, "महाराष्ट्र वाला चोखा बन रहा है क्या?" आपल्या भरिताला चोखा म्हटलं की आईच्या कपाळावर आठी. धाकटा नितीन मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला हिंदीत उत्तर द्यायचा. "नितीन, पाणी आण रे." "अभी लाया, यार." आईला 'यार' म्हणतोस, म्हणून त्याने पुष्कळ धपाटे खाल्ले, पण सुधारला नाही. आजही फोनवर मला 'यार' म्हणतो. आता नातवंडांचा आजोबा व्हायची वेळ आली त्याची.

अण्णांचा एकच षोक होता, तो म्हणजे पाढे. साधे पाढे तर कोणालाही येतात. अण्णांकडे अपूर्णांकांचे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, अडीचकी. अमळनेरच्या त्यांच्या मास्तरांनी छडीच्या जोरावर ते पाठ करून घेतले होते आणि अण्णांनी प्रेमाने जपले होते. रविवारी उन्हात शेंगा सोलता सोलता ते स्वतःशीच म्हणायचे, "सतरा अडीचं साडेबेचाळीस, अठरा अडीचं पंचेचाळीस..." आम्हा दोघांना त्याचा भयंकर कंटाळा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मला पॉइंट टू फाइव्ह कळायचं, 'पाव' म्हटलं की डोळ्यांसमोर बेकरी यायची.

त्या वर्षी मी बारावीत होते आणि मला फिजिक्स सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. का, ते नीट सांगता येणार नाही. दगड वर फेकला की खाली येतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण किती जोरात फेकला तर येणार नाही, ह्यालाही उत्तर आहे आणि ते घरबसल्या कागदावर काढता येतं, हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. ह्या वेगाला आम्ही एस्केप व्हेलॉसिटी म्हणायचो. मराठीत त्याला मुक्तिवेग म्हणतात हे फार नंतर कळलं आणि हसू आलं. मला तर सगळं संपवून काशीला निघाल्यासारखं वाटलं. घरात मात्र माझं पुढे काय करायचं ह्याची वेगळीच गणितं चालली होती. घराजवळच्या मुलींच्या कॉलेजात बी.ए. करायचं, मग बी.एड., तोवर अण्णांची बदली परत महाराष्ट्रात होईल आणि मग काय ते बघता येईल. 'काय ते' म्हणजे काय, हे सांगायला नको.

मी हट्ट धरला तेव्हा अण्णांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे निर्णय दुसऱ्यावर सोपवला. आमच्या सेक्टरमध्ये मिश्रा सर आपल्या गॅरेजात फिजिक्सची कोचिंग चालवायचे. पूर्ण लखनौतून मुलं यायची, मीही तिथल्या साध्या बॅचला जायचे. जानेवारीत सर एक खास बॅच काढायचे, त्यात हुशार मुलांची तयारी करून घ्यायचे. त्या वेळी एकच जागा उरली होती. "मला त्यातलं काही कळत नाही, वैशू," अण्णा म्हणाले, "सर जाणकार आहेत. त्यांनी तुला त्या बॅचमध्ये घेतलं तर फिजिक्स. नाही घेतलं तर बी.ए., आणि मग रुसायचं नाही." मी हो म्हटलं. म्हणणार नाही तर काय? तोवर त्या बॅचमध्ये एकही मुलगी बसलेली नव्हती, ही गोष्ट अण्णांनाही माहीत होती आणि मलाही.

निवडीची सरांची पद्धत अशी, की शनिवारी एक गणित द्यायचं आणि सोमवारी फळ्यासमोर उभं करून विचारायचं. त्या शनिवारी ते खडू हातात घेऊन म्हणाले, "सूरज से छूटना है. बताओ, कितनी रफ़्तार चाहिए?" सगळी पोरं एका सुरात ओरडली, "इलेवन पॉइंट टू, सर!" हे तर सगळ्यांना झोपेतही पाठ. सर हसले. "वो तो धरती से छूटने की है, मेरे लाल. धरती से छूट गए, फिर सूरज से कौन छुड़ाएगा, तुम्हारे मामा? और सूरज की सतह से नहीं पूछ रहा. वहाँ कौन खड़ा हो सकता है? यहाँ से पूछ रहा हूँ. विकास नगर से." म्हणजे सूर्यापासून आपण जेवढे लांब आहोत तेवढ्या अंतरावरून त्याच्या ओढीतून कायमचं सुटायला किती वेग लागेल. मला ते 'विकास नगर से' इतकं आवडलं की घरी येईपर्यंत मी मनात तेच घोळवत होते. आपण धुक्यात, मफलर गुंडाळून चाललोय, आणि ज्या सूर्याचं आठवडाभर तोंडही पाहिलं नाही त्याने आपल्याला धरून ठेवलंय.

तेव्हा कॅल्क्युलेटर वापरायची सोय नव्हती, परीक्षेत तो चालायचाच नाही. आमच्याकडे होती लॉग टेबलं. आजच्या मुलांना सांगितलं तर ती माझ्याकडे दगडी पाट्यांच्या काळातली बाई असल्यासारखी बघतात. अवाढव्य संख्यांचा गुणाकार करायचा असेल तर तक्त्यातून त्यांचे लॉग काढायचे आणि त्यांची नुसती बेरीज करायची, भागाकाराला वजाबाकी, वर्गमूळ हवं असेल तर आलेल्या आकड्याचं निम्मं करायचं, आणि शेवटी उलट्या तक्त्यातून उत्तर शोधायचं. सूर्याचं वस्तुमान म्हणजे दोनावर तीस शून्यं, अंतर पंधरा कोटी किलोमीटर, गुरुत्वाकर्षणाचा तो इवलासा स्थिरांक. सगळं मांडलं, बेरीज-वजाबाकी केली आणि आकडा आला नऊ पॉइंट दोन पाच. आता वर्गमूळ, म्हणजे निम्मं. आमच्या शाळेतल्या मॅडमनी एक नियम डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता: दशांशाच्या डावीकडचा आकडा वेगळा, उजवीकडचा वेगळा, दोघांना एका पंगतीत बसवायचं नाही. त्याला कारण होतं. एकाहून लहान संख्यांच्या लॉगमध्ये डावीकडचा उणे असतो आणि उजवीकडचा अधिक, त्यामुळे गोंधळ होतो. मी नियमाने चालले. डावीकडे नऊ, त्याचे निम्मे चार. उजवीकडे पंचवीस, त्याचे साडेबारा. चार पॉइंट एक दोन पाच. उलट्या तक्त्यात बघितलं, सेकंदाला तेरा किलोमीटर आणि वर थोडे. अकराच्या जवळपासचंच, म्हणजे बरोबरच असणार! मी खूश होऊन झोपले.

रविवारी ऊन पडलं. आई अंगीठीवर वांगी फिरवत होती, अण्णा शेंगा सोलत होते आणि मी चटईवर पालथी पडून उगाच आणखी एक गणित करत होते. कोणी सांगितलं नव्हतं. मला नुसतं जाणून घ्यायचं होतं की सुटायला तेरा लागतात, तर आपण आत्ता किती वेगाने चाललोय? सोपं होतं. पृथ्वी वर्षात सूर्याभोवती एक फेरी मारते, त्या फेरीची लांबी काढायची आणि वर्षाच्या सेकंदांनी भागायचं. उत्तर आलं तीस. सेकंदाला तीस किलोमीटर. मी पुन्हा केलं, तरी तीसच.

खोटं सांगत नाही, मी खरोखर उठून कठड्याला धरून उभी राहिले. सुटायला तेरा पुरतात आणि आपण तिसाने धावतोय! म्हणजे पृथ्वी केव्हाच सुटून अंधारात निघून जायला हवी होती. ऊन नको, वांगी नकोत, श्रीवास्तव आंटींच्या गाद्या नकोत. वर बघितलं तर सूर्य आपला जागच्या जागी. "आई," मी म्हटलं, "आपण इथे असायलाच नको!"

"मला काय हौस आहे इथे राहायची?" आई वांगं उलटत म्हणाली. "तुझ्या अण्णांना सांग, बदली मागा म्हणावं."

"तसं नाही गं! पृथ्वीच इथे नको!"

"माय! ही पोरगी उन्हात बसून बसून बरळायला लागली. तो लसूण सोल आधी."

लसूण कुठला सोलते मी! अर्धा दिवस चूक शोधण्यात गेला. आधी पुस्तकावर संशय घेतला, मग सूर्याच्या वस्तुमानावर, एकदा तर न्यूटनवरही घेऊन झाला. पण खरं सांगू? मला भीतीपेक्षा मजा वाटत होती. दोन उत्तरं समोरासमोर उभी होती आणि त्यातलं एक खोटं बोलत होतं, पण कोणतं ते मलाच पकडायचं होतं. इतकी मजा मला नंतरच्या आयुष्यात, भल्या मोठ्या यंत्रांसमोर बसूनही, फार थोड्या वेळा आली. शेवटी मी एकेक पायरी मोठ्याने वाचायला लागले. "नऊ पॉइंट दोन पाच, त्याचं हाफ..."

"सव्वानऊ म्हण की," अण्णा शेंगेवरची नजर न काढता म्हणाले. "सव्वानऊचं निम्मं साडेचार आणि वर अर्धा पाव."

साडेचार! नऊचं निम्मं चार नव्हे, साडेचार. डावीकडचा अर्धा मी सांडून टाकला होता, पंगती वेगळ्या ठेवायच्या नादात. मी धाडधाड जिना उतरून खाली गेले, तक्ता उघडला आणि उत्तर आलं बेचाळीस. बेचाळीस! पृथ्वी तिसाने धावते, सुटायला बेचाळीस लागतात, म्हणून सुटत नाही. मी खालूनच ओरडले, "आहोत, आहोत! आपण इथेच आहोत!" वरून आईचा आवाज आला, "मग जेवायला ये."

सोमवारी सकाळी अण्णांनी मला स्कूटरवरून सोडलं. धुकं परत आलं होतं. ते बाहेर चहाच्या टपरीवर थांबले आणि मी गॅरेजात गेले. सरांनी एकेकाला विचारलं. एक-दोघांनी तरीही अकरा पॉइंट टू सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. पंकज वर्मा नावाचा मुलगा उठला आणि म्हणाला, "थर्टीन पॉइंट थ्री, सर." मला हसू आलं. ह्यानेही अर्धा सांडला, म्हटलं. मी हात वर केला आणि म्हटलं, "फोर्टी टू." सरांनी माझ्याकडे बघितलं, पंकजकडे बघितलं आणि फळ्यावर लिहिलं: १३.३. "शाबाश, पंकज."

मला वाटलं, मी चुकीचं बघतेय. सरांनी कधीकाळी एकदा सोडवून पाठ केलेलं उत्तर असणार, आणि त्याच मॅडमसारख्या कोणीतरी त्यांनाही तसंच शिकवलं असणार. सरांचं उत्तर खोडायची त्या वर्गात रीत नव्हती. पण माझं तोंड माझ्या ताब्यात कधी होतं? "सर," मी म्हटलं, "तेरह में छूट जाते, तो धरती कब की निकल गई होती. वो तो तीस से चलती है."

पोरं खो खो हसली. लखनवी माणूस चिडला की अदबीने बोलायला लागतो. एरवी मला 'बेटा, तुम' म्हणणारे सर म्हणाले, "धरती की फ़िक्र आप न करें. आप तशरीफ़ रखिए." मी म्हटलं, "सर, लॉग का आधा करते समय..." "अब लॉग हमें आप सिखाएँगी?" मी बसले. जागा पंकजला मिळाली. सरांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं.

बाहेर आले तेव्हा माझा संताप डोळ्यांवाटे वाहत होता. अण्णांनी कप खाली ठेवला. "नाही घेतलं?" मी मान हलवली. त्यांनी स्कूटर सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बी.ए.सुद्धा वाईट नसतं गं. ठरलं होतं ना आपलं?" मग त्यांनीच विचारलं, "उत्तर चुकलं का तुझं?"

"सरांचं चुकलं. ते म्हणतात तेरा."

"असं म्हणू नये. तेरा कसं आलं म्हणतात?"

"नऊचं निम्मं चार, आणि पंचवीसचं साडेबारा."

स्कूटर कच्चकन थांबली. मागून येणारा सायकलरिक्षावाला आम्हाला काय काय म्हणून गेला. अण्णांनी मफलर खाली ओढून मागे वळून बघितलं. मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. "म्हणजे सव्वानऊचं निम्मं सव्वाचारच्याही आत? कोण म्हणतं? चाराची दुप्पट आठ होते, मग वरचा एक काय कावळ्याने नेला?" ज्या माणसाने साहेबांच्या समोर आयुष्यात आवाज चढवला नाही, तो पावकी-निमकीच्या अपमानाने पेटला होता. त्यांनी स्कूटर वळवली.

"अण्णा, नको, भांडू नका!" मी कोटाला लोंबकळत म्हणाले.

"भांडत नाही. विचारतो."

सर दारातच भेटले, वर्ग नुकताच सुटत होता. अण्णांनी हात जोडले. त्यांचं हिंदी बँकेपुरतं. "सर, नमस्कार. एक पूछना था. सव्वानऊ लड्डू दो बच्चों में बाँटिए. एक को कितना मिलेगा?"

सर जरा वैतागूनच म्हणाले, "साढ़े चार, और ऊपर से..." आणि थांबले. त्यांनी वळून आत फळ्याकडे बघितलं. फळा अजून पुसलेला नव्हता. पंकज पुस्तकं गोळा करत उभा होता. सर आत गेले, खडू घेतला, शांतपणे ती ओळ खोडून खाली नवीन मांडली, तक्ता काढला, आणि ४२ लिहिलं. मग बाहेर आले. "बेटा," ते मला म्हणाले, "धरती तीस से चलती है, ये मैं ख़ुद हर साल पढ़ाता हूँ. दोनों को साथ रखकर कभी देखा ही नहीं." मग अण्णांकडे वळले, नजर खाली. "भाईसाहब, जगह की ज़बान मैं उस लड़के को दे चुका. अब उससे छीनूँ, ये मुझसे न होगा."

मला आजही सरांचा राग येत नाही, आला तो तिथे दारातच ओसरला. शब्द दिलेला मोडू नये, हे आमच्या घरातही तसंच होतं. आणि म्हणूनच मला रडू कोसळलं, कारण अण्णांचाही शब्द होता. घेतलं तर फिजिक्स, नाही तर बी.ए.

परत जाताना अण्णा हळू चालवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "ते बेचाळीस म्हणजे, इथून उडी मारायची तर बेचाळिसाची मारावी लागेल?" मी नाक पुसलं. कोणी विचारलं की सांगायचं, ही खोड मला तेव्हापासून. म्हटलं, "नाही अण्णा, तिसाने तर आपण धावतोयच पृथ्वीबरोबर. पृथ्वीची स्वतःची ओढ सोडून दिली, तर वरचे बाराच लागतील."

"बाराच?"

"पण पृथ्वी चाललीय त्याच दिशेला उडी मारायला हवी. उलट्या दिशेला मारली, तर आधी ते तीस फेडायचे आणि मग वर बेचाळीस. बहात्तर."

अण्णांनी "हं" केलं. घर आलं. दार आईने उघडलं, हाताला पीठ, आणि आमच्या तोंडांकडे बघूनच तिने ओळखलं. "नाही ना झाली निवड?" ती म्हणाली. "अहो, मी म्हणतच होते. श्रीवास्तवबाईंची भाची त्याच कॉलेजात आहे, तिच्याकडून बी.ए.चं सगळं विचारून ठेवलंय मी."

"बी.ए. नको," अण्णा म्हणाले.

"आता हे काय नवीन? ठरलं होतं ना? सर म्हणतील ते."

"सरांचं ऐकलं. पण ते म्हणतील ते नाही." अण्णा मफलरची घडी घालत होते, आईकडे न बघता. "फिजिक्सच घेईल ती. पोरगी एका दिशेला चाललीय, तिला तिकडेच बारा कमी पडतायत. आणि आपण दोघं तिला उलटीकडे ढकलतोय. कुठून आणेल ती बहात्तर?"

आईला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी चपला काढत होते, तशीच दारात खाली बसले.